नेहमीच्या चालीनं

कुंडलिक त्या दिवशी वेल्ह्याच्या दवाखान्यात नीट चालला असता, तर रतनबाईच्या पदरात सव्वा महिना पडणार होता. सव्वा महिना कामथडीला, लेकीच्या घरी. त्यात एक बाळंतपण, तान्ह्याची आंघोळ, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि जागरणं. ऐकणाऱ्याला वाटेल, ही कसली मिळकत, ही तर राबणूक. पण रतनबाईनं मनाशी धरलं होतं ते वेगळंच. कामथडी सपाटीला. घरापासून नसरापूरचा बाजार पायी जाण्याजोगा. आणि त्या रस्त्यावर तिच्या पुढं कुणी चालणार नव्हतं.

तो नीट चालला नसता, तर कुंडलिकच्या पदरात पडणार होतं ते असं: उशाशी चहा, न्हाणीत ऊन पाणी, हाकेला ओ, आणि रतनबाई.

म्हणजे चालायचं ज्यानं, त्याचाच फायदा न चालण्यात. असा न्याय लावायची अक्कल त्यांच्या थोरल्याची, इंद्रजितची. तो भोरला हापिसात नोकरीला. घरातलं कुठलंही भांडण तिसऱ्या माणसाच्या सहीवर सोडून द्यायचं, हा त्याच्या हापिसाचा गुण अंगी मुरलेला.

झालं होतं असं, की धाकटी लेक नूतन पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या डॉक्टरनं सांगितलं, या दिवसांत वेल्ह्याकडच्या खाचखळग्यांतून नेऊ नका. कामथडीत तिची सासू नाही, वर्षापूर्वीच गेली. घरात नवरा सोमनाथ आणि सासरा. दोघांनी मिळून चहा केला तरी एकजण भाजायचा. तेव्हा आईनं जायला हवं, हे उघड होतं.

"मग मी काय करू?" कुंडलिक म्हणाला. "भिताडाकडं बघत बसू?"

"तात्या, तुम्ही आमच्याकडं या ना भोरला," सून प्रेरणा म्हणाली. ती मनापासून म्हणाली, हे विशेष.

"तुमच्या त्या खुराड्यात? मला न्हाई करमायचं. माणूस न्हाई, कानूस न्हाई."

खुराडं तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. न करमण्याचं कारण त्या जिन्यात असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुंडलिकला हेकट म्हणायची घरादाराला इतकी सवय, की दुसरं कारण शोधायची कुणाला गरजच पडत नसे.

शेवटी इंद्रजितनं तोड काढली. वेल्ह्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी भोरहून एक बाई येतात, दम्याच्या माणसांना तपासतात, चालायला लावून वेग मोजतात. "त्या म्हणाल्या तात्या चांगले चालतात, तर आई जाईल. नाही म्हणाल्या, तर नाही जाणार. मागनं कुणी कुरकुर करायची नाही. कबूल?"

सगळ्यात आधी कबूल म्हणाला तो कुंडलिक. तिथंच रतनबाईला संशय आला. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कुठल्याच गोष्टीला पहिल्या हाकेत हो म्हणाला नव्हता. लग्नाला धरून.

कुंडलिकची छाती अर्धी भाताच्या गिरणीनं खाल्ली होती आणि अर्धी बिडीनं. तीस वर्षं तो वेल्ह्याच्या गिरणीवर होता. भाताचं तूस उडायचं, ते पापण्यांवर, कानात, डब्यातल्या भाकरीवर बसायचं. आत किती बसलं ते आता कळत होतं. घरी याला दमा म्हणत. डॉक्टर इंग्रजी अक्षरं म्हणत. कुंडलिक म्हणे, "काय न्हाई, जरा कफ हाय."

आता त्याची चाल. वेल्ह्याजवळच्या त्यांच्या वाडीच्या रिवाजाप्रमाणं तो पुढं, रतनबाई चार हात मागं. माहेरी असताना ही बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायची ती बकऱ्यांच्या आधी घरी पोचायची. ती आता कुंडलिकच्या टाचांकडं बघत पाय उचलायची आणि पाय ठेवायची. तो थांबला की थांबायची. आणि तो फार थांबायचा. बांध आला की कमरेवर हात ठेवून उभा.

"हे भात कुणाचं गं?"

"गेनूभावजींचं. काल पण त्येंचंच व्हतं."

"बरं आलंय."

पुढच्या बांधावर पुन्हा. पुढं विजेचा खांब आला, की खांब कधी रोवला. देवळाजवळ कळसाला रंग कोणता दिलाय. आख्ख्या शिवाराची पाहणी करत तो चालायचा, आणि वाडीत सगळे म्हणत, कुंडलिकतात्याला चौकशा फार. रतनबाईही तेच म्हणायची, फक्त मनात आणि जरा कडक शब्दांत.

त्यात आणखी एक. रोज सकाळी हा खालच्या फाट्यावरच्या टपरीवर दिसायचा. तंबाखू मळत, हसत. फाटा घरापासून चांगला लांब, आणि येताना सगळा चढ. म्हणजे तंबाखूपायी पाय चालतात, आणि विहिरीवरनं बादली आणायची म्हटली की छाती भरते! ही गोष्ट रतनबाईनं बरोबर हेरून ठेवली होती. दवाखान्यातल्या बाईंना सांगायची म्हणून.

गुरुवारी दोघं बंडूच्या दुधाच्या टेम्पोतून वेल्ह्याला निघाली. बंडू वाडीतलाच, किटल्या गोळा करून डेअरीला घालायचा. कुंडलिक पुढं बंडूशेजारी, रतनबाई मागं किटल्यांत.

"तात्या, आज परीक्षा म्हनं?" बंडूनं विचारलं.

"पास व्हायची अडचन न्हाई," कुंडलिक म्हणाला, "पन पास व्हऊन करायचं काय, त्ये सांग."

मागं किटल्यांत बसलेल्या बाईला हे ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मधे अंतर चार मीटरचं. तपासणाऱ्या बाईंचं नाव मैथिली. भोरची पोर, सावळी, हसरी, हातात मोबाईल आणि तोंडात एकच वाक्य: "नेहमीच्या चालीनं चाला. घरी चालता ना, तसं." या पट्टीपासून त्या पट्टीच्या पुढपर्यंत. पाच सेकंदांच्या आत गेलं तर चाल ठीक. जास्त लागले तर छातीबरोबर पायही मागं पडायला लागलेत, त्याचा व्यायाम करायला हवा. प्रत्येकानं दोनदा चालायचं, त्यातला चांगला वेग धरायचा.

सोपी गोष्ट. पण आपल्याकडं पट्टी आखली की शर्यत, आणि मोजमाप म्हटलं की एक तर जिंकायचं नाही तर काहीतरी मिळवायचं. नेहमीच्या चालीनं चालायचं कुणाला जमतं?

पहिला उठला गेनू. तोच तो, बांधाबांधावरच्या भाताचा मालक. त्यानं टोपी खिशात घातली, धोतर वर खोचलं आणि "पळा म्हना" म्हणून बाईंकडं बघत उभा राहिला.

"काका, शर्यत नाही ही."

"न्हाई न्हाई, सादंच चालतो," म्हणाला आणि सुटला. दुसरी पट्टी ओलांडून, औषधांच्या खिडकीवर हात आपटून थांबला. मग असा खोकला, की आतला माणूस बाहेर आला.

"किती झालं?" खोकल्यातून त्यानं विचारलं. "पयला आलो का?"

"तुम्ही एकटेच होता काका."

"तरी पन."

व्हरांडा हसला. कुंडलिक हसला नाही. तो बाकावरून सावकाश उठला, आणि उठतानाच रतनबाईला कळलं, खेळ सुरू झाला. पट्टीशी आला. एक पाय टाकला. मग दुसरा कुठं गेला ते बघत असल्यासारखा थांबला. मग दुसरा. एक हात भिंतीला. दुसऱ्या पट्टीपर्यंत जाता जाता आठ सेकंद गेले, आणि तिथं पोचून त्यानं बायकोकडं जी नजर टाकली, तीत पास झालेल्याचा आनंद होता.

रतनबाईला कामथडीचा रस्ता समोर दिसत होता, तो विझला. नूतनचा काल रात्रीचा फोन आठवला. "आई, तू येशील ना गं? मला भ्या वाटतंय." ती म्हणाली होती, "येते म्हंजे काय, येतेच." लेकीला दिलेला शब्द या दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधे लोळत पडला होता आणि वरून तिचा नवरा भिंत धरून चालत गेला होता.

"बाई, ह्ये सोंग हाय," ती म्हणाली.

मग बाकांकडं वळून सगळ्यांना ऐकवलं.

"रोज टपरीवर जात्यात तंबाकूला. फाट्यावर. म्या डोळ्यानं बघितल्यात तितं. आन् हितं बघा, न्हवरदेवावानी पावलं मोजत्यात."

"अगं, चारचौघांत..." कुंडलिक म्हणाला.

"चारचौघांतच! घरात बोलून काय उपेग झालाय का कवा?"

मैथिलीनं सावरलं. "असू दे मावशी. अजून एकदा चालायचंच आहे. काही जणांना लाज वाटते एकट्यानं चालायची. तुम्ही येता का त्यांच्याबरोबर? म्हणजे सवयीनं चालतील."

रतनबाई उठली. पट्टीशी आली. आणि कुंडलिकच्या मागं चार हात उभं राहायच्या ऐवजी, पदर खोचून, त्याच्या पुढं उभी राहिली.

वाडीची पाचसहा माणसं त्या बाकांवर होती. त्यांतल्या कुणी हे पाहिलं नव्हतं.

"आता चला म्हना त्येंना," ती म्हणाली आणि निघाली. डोंगर उतरायची तशी. टाचा वाजवत.

"कुंडलिकदा!" गेनूनं खोकला आवरून आरोळी मारली. "मालकीन पुडं! धर, न्हाईतर आता मागनं पान्याची कळशी घिऊन तुलाच चालाय लागंल!"

बाकं गदगदली. कुंडलिकच्या मानेवर शीर उठली. तो निघाला. हात भिंतीवर नव्हता. पावलं सरळ पडली, एक, दुसरं, तिसरं, आणि दुसऱ्या पट्टीवर तो रतनबाईच्या खांद्याला खांदा घासून पुढं गेला.

"चार सेकंद! तात्या, झकास!" मैथिली म्हणाली. "पाचाच्या आत. मग आधी काय झालं होतं?"

कुंडलिकनं मान हलवली, मिशीतून हसल्यासारखं केलं आणि तसाच व्हरांड्याची पायरी उतरून मागच्या अंगाला निघून गेला. रागावला, असं सगळ्यांनी धरलं. बायकोनं चारचौघांत नाक कापलं, रागावणारच.

रतनबाईनं तिथूनच इंद्रजितला फोन लावला. "झाले रे पास. बाईंनीच सांगितलं."

"वा! मग तू उद्याच निघ आई. मी सोमनाथला कळवतो. तात्या काय म्हणाले?"

"काय म्हनतील? कबूल म्हनले व्हते."

तिनं फोन बंद केला. सव्वा महिना हातात आला होता. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट ठरवून, मागून, मिळाली, अशी ही पहिलीच. तिनं कामथडीला न्यायच्या लुगड्यांची मनात घडीसुद्धा घातली. मग नवऱ्याला बोलवायला मागं गेली. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याचं तोंड बघायची घाई असते. तिलाही होती.

दवाखान्याच्या मागं पाण्याची टाकी. कुंडलिक टाकीला दोन्ही हात लावून, वाकून उभा होता. खांदे कानापर्यंत चढत होते आणि उतरत होते. गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. ओठ जांभळे, जांभूळ खाल्ल्यासारखे. शेजारी बंडू पाण्याची बाटली धरून, ती द्यावी की न द्यावी या विचारात.

पायांचा आवाज ऐकून कुंडलिकनं मान वर केली. बायको दिसली. त्यानं एक हात कमरेवर ठेवला, अंग सरळ करायचा यत्न केला, आणि टाकीकडं बघून म्हणाला,

"ही... ही टाकी... कुनी... बांदली गं?"

रतनबाई जागच्या जागी थांबली. सवयीनंच थांबली, तो थांबला की थांबायची तशी. आणि थांबल्यावर तिला गेनूच्या भाताचे बांध दिसले, विजेचे खांब दिसले, देवळाचा कळस दिसला. ज्याच्या त्याच्या शेताची चौकशी करत हा माणूस किती वर्षं श्वास गोळा करत उभा राहत होता, आणि ती मागं उभी राहून त्याला मनात शिव्या देत होती.

"बंडू," ती म्हणाली, "ह्ये टपरीवर कसं जात्यात रं?"

बंडूनं कुंडलिककडं बघितलं. कुंडलिकला नाही म्हणायलाही दम नव्हता.

"म्याच न्हेतो मावशी. वळनावर हुबं ऱ्हात्यात, घर दिसत न्हाई तितं. येताना बी सोडतो. 'तुज्या मावशीला सांगू नगंस, लोकं म्हातारं म्हनत्यात' म्हनले."

मग आठ सेकंदांचं सोंग? सोंग होतंच. फक्त उलटं. भिंत धरून, पाय मोजत चालला तीच त्याची चाल होती. पण ती इतकी वाढवून दाखवली, की बघणाऱ्यानं म्हणावं, लबाड आहे, बायकोला अडकवायला नाटक करतो. लबाड म्हणवून घ्यायची त्याची तयारी होती. दमला म्हणवून घ्यायची नव्हती.

बऱ्याच वेळानं ओठ जरा उजळले. तो टाकीच्या चौथऱ्यावर बसला. "जा तू," म्हणाला. "बाईंनी सांगितलंय. नूतन वाट बघती."

आता बघा कसा पेच. त्यानं पट्टीवर जीव टाकून बायकोला मोकळं केलं होतं, तेही तिला हरवायच्या नादात. आणि तिनं काहीच पाहिलं नाही असं धरलं असतं, तर ती उद्या सकाळच्या एसटीनं कामथडीला असती. कुणी बोट दाखवलं नसतं. बाईंनीच पास केलं होतं. बंडूला एक दटावणी पुरली असती. रतनबाई टाकीपाशी चांगला वेळ उभी राहिली. तिच्या मनात ते आलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. दोनदा आलं. मग ती व्हरांड्यात परत गेली.

"बाई, ह्येंचं पयलं चालनं धरा."

मैथिली पुढच्या माणसाला उभं करत होती. "मावशी, नियम आहे. दोन्हींत जो चांगला, तोच धरायचा."

"आदी म्या सोंग म्हनले, त्ये चुकलं माजं. दुसरं सोंग व्हतं."

"म्हणजे?"

"तुमी म्हनला नेहमीच्या चालीनं. नेहमीची चाल मला ठावं हाय, म्या मागनं चालती रोज. आज ह्ये माज्या मागं लागून पळाले. तसं रोज पळाले तर आठ दिवसांत खांदा द्यायला या."

मैथिलीनं तिच्याकडं बघितलं आणि मोबाईल खिशात टाकून मागं गेली. बोटाला चिमटा लावून हवा किती मिळते ते पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. आत नेलं, ऑक्सिजनची नळी लावली, डॉक्टरांना बोलावलं. दुपारनंतर पुन्हा चालवलं, या वेळी व्हरांडा रिकामा करून, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. आठ सेकंदांनाही जरा जास्तच.

"यांना एकटं ठेवू नका," ती म्हणाली. "आणि आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा. नसरापूरला घेते मी. चाल सुधारते, खरंच. पण वेल्ह्याहून दर वेळचं येणं-जाणं यांना झेपायचं नाही. जवळपास कुणी नातेवाईक आहे का?"

नसरापूरच्या जवळपास कोण आहे, हे रतनबाईनं सांगायची गरज नव्हती. कुंडलिकनं डोळे मिटून घेतले.

जावयाच्या घरी राहायचं! जिथं नातवंड होईपर्यंत बापानं पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, तिथं खाट टाकायची! कामथडीला तो गेला तो घरून भरून नेलेला पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन. भाकऱ्याही रतनबाईनं बांधून घेतल्या होत्या, दोन दिवसांच्या. तिसऱ्या दिवशी व्याही म्हणाले, "कुंडलिकराव, आमच्या विहिरीला काय शेण लागलंय का?" आणि चौथ्या दिवशी नूतन मोकळी झाली, मुलगी झाली, तेव्हा बारशाआधी सगळ्यात मोठ्यानं सुस्कारा टाकला तो तहानलेल्या आजानं.

सव्वा महिना रतनबाईला मिळाला, हे कुणी नाकारू नये. तिनं तान्हीला न्हाऊ घातलं, लेकीला शेक दिला, लाडू वळले. आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी, नसरापूरच्या फाट्यावर सोमनाथनं गाडीतून उतरवलं, की तिथून व्यायामाच्या खोलीपर्यंत ती चालायची. सपाट रस्ता, सकाळचं ऊन. पुढं कुंडलिक, मागं ती.

"हे दुकान कुनाचं गं?"

"मला काय म्हाईत? म्या कवा आलते हितं?" ती म्हणायची. मग त्याच्या पाठीकडं बघून, "बरं मोठं हाय, न्हाई?" आणि दोघं ते दुकान सावकाश बघत उभी राहायची.

महिन्याभरात कुंडलिक सहा सेकंदांवर आला. मैथिलीनं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गेनूपण वाडीवरनं व्यायामाला येत होता, त्यानं विचारलं, "म्हंजे आता म्या दुसरा का?"

शेवटच्या शुक्रवारी खोलीत जरा निवांतपणा होता. रतनबाई दाराशी बसून होती, नेहमीसारखी. मैथिली म्हणाली, "मावशी, या की, तुमचंही मोजू. गंमत म्हणून. घाई करू नका. नेहमीच्या चालीनं."

त्या दिवसासारखं पदर-बिदर खोचायचं तिला सुचलं नाही. इथं जिंकायचं काही नव्हतं. ती उठली, पट्टीशी आली आणि चालली. पुढं कुणी नव्हतं, तरी नजर खाली, कुणाच्या तरी टाचांवर ठेवल्यासारखी. मधेच एकदा थांबलीही.

मैथिलीनं मोबाईल बघितला. पुन्हा बघितला. सात सेकंद.

"मावशी, तुम्हालाही दम्याचा त्रास आहे का?"

"न्हाई बा," रतनबाई म्हणाली. "त्येंना हाय."

कुंडलिकची बिडी कुंडलिकनं ओढली आणि गिरणीचं तूस गिरणीनं उडवलं. पण दंड भरला दोघांनी: त्यानं छातीनं, हिनं पायांनी.